एकदा होऊन गेला, मग लस कशाला?

आमच्या आजीच्या दंडावर टोचल्याची खूण नव्हती. तिला लहानपणीच देवी आल्या होत्या आणि त्यांचे वण गालांवर, नाकाच्या शेंड्यावर अखेरपर्यंत राहिले. गावात देवी टोचणारा आला की पोरं माळ्यावर, गोठ्यात लपून बसायची. त्यांना शोधून, धरून आणायचे. आजी मात्र अंगणातच उभी राहायची. तो तिच्या तोंडाकडे एकदा बघायचा आणि पुढच्या घरी जायचा. तिचा चेहरा हेच तिचं सर्टिफिकेट होतं.

हा विचार नुसता गावातल्या समजुतीचा नव्हता, कायद्यातही होता. इंग्रज सरकारच्या १८८० सालच्या लसीकरण कायद्यात 'असंरक्षित मूल' कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. ज्याला देवीचा रोग येऊन गेलेला नाही आणि ज्याला लसही नीट लागलेली नाही, ते मूल असंरक्षित. म्हणजे देवी येऊन गेल्या असतील तर कायद्याच्या नजरेत ते मूल टोचलेल्या मुलाइतकंच सुरक्षित होतं.

आता १४१ वर्षं पुढे येऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी पुन्हा उघडली, पण एका अटीवर. लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला १४ दिवस उलटलेले हवेत. स्टेशनाबाहेरच्या टेबलावर सर्टिफिकेट आणि ओळखपत्र दाखवायचं, शिक्का घ्यायचा, मग खिडकीवर मासिक पास मिळायचा. 'मला कोरोना होऊन गेलाय' या वाक्याला त्या टेबलावर काही किंमत नव्हती.

आजीच्या वेळी रोग होऊन जाणं पुरेसं होतं, २०२१ मध्ये नव्हतं. विज्ञान मागे गेलं की काय? तसं नाही. पण 'विज्ञानानेच तसं सांगितलं होतं' हेही पूर्ण खरं नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक म्हणजे डॉक्टरांचा सल्ला, दुसरी म्हणजे सरकारी सक्ती. या दोन्ही वेगळ्या ठेवल्या की गुंता बराच सुटतो.

आधी शरीरात काय होतं ते बघू. एखादा विषाणू पहिल्यांदा शिरला की शरीराला त्याची ओळख नसते. ती पटायला आणि त्याच्यावर नेमका मारा करणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. आजार बरा झाल्यावर ही प्रतिपिंडं हळूहळू कमी होतात. पण ती बनवण्याची कृती ज्यांना पाठ झालीय अशा काही पेशी मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच विषाणू परत आला की त्या जाग्या होतात आणि या वेळी काम पटकन उरकतात. लसही हेच करते, फक्त आजार न होऊ देता. विषाणूचा एखादा तुकडा, किंवा मेलेला, नाहीतर कमजोर केलेला विषाणू दाखवून ती हीच ओळख करून देते.

मग प्रत्येक रोग सारखंच शिकवतो का? नाही. इथेच 'एकदा झाला की परत होत नाही' हे आपल्या घरातलं वाक्य कधी खरं ठरतं, कधी साफ चुकतं.

गोवराचं घ्या. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. तिथे ६५ वर्षं गोवर फिरकलाच नव्हता. आधीची साथ १७८१ ची. बेटांवर जेमतेम पावणेआठ हजार लोक, त्यातल्या सुमारे सहा हजारांना गोवर झाला. पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव हिंडला आणि त्याच्या लक्षात आलं की १७८१ मध्ये ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना या वेळी तो झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत त्यांच्या शरीराला गोवराची उजळणी करून द्यायला कोणी आलं नव्हतं, तरी ओळख टिकली होती.

आता दुसरं टोक. धनुर्वात होऊन, दवाखान्यात आठवडेच्या आठवडे काढून माणूस वाचला, तरी त्याला धनुर्वाताची लस द्यावीच लागते. कारण या रोगात त्रास होतो तो जंतूने सोडलेल्या विषाचा. ते विष इतकं जहाल असतं की जीव घ्यायला पुरेशी मात्राही शरीराला ओळख पटायला पुरत नाही. घटसर्पाचंही जवळपास तेच. रोग होऊन गेला म्हणजे शरीर शिकलंच, असं धरता येत नाही.

आणि तिसरं टोक फारच विलक्षण आहे. डेंगीचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं. पण पुढे वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आधीची प्रतिपिंडं त्या विषाणूला अर्धवटच चिकटतात. ती त्याला मारत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात. म्हणून डेंगीची दुसरी लागण पहिलीपेक्षा जास्त गंभीर होण्याची भीती असते. डेंग्वॅक्सिया ही लस आली तेव्हा फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून जास्त मुलांना ती देण्यात आली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंगी झालेला नाही, त्यांना ही लस दिल्यावर पुढे डेंगी झालाच तर तो गंभीर होण्याचा धोका वाढतो. अशा मुलांच्या शरीराने लसीलाच पहिली लागण समजून घेतलं होतं. त्यानंतर नियम पार उलटा झाला. अमेरिकेने २०१९ मध्ये ही लस मंजूर केली ती ९ ते १६ वर्षांच्या, डेंगीचा वावर असलेल्या भागात राहणाऱ्या मुलांसाठी. अट अशी की आधी डेंगी होऊन गेल्याचा प्रयोगशाळेतला पुरावा हवा. इथे 'होऊन गेलाय, मग लस कशाला' नव्हे, तर 'होऊन गेला नसेल तर लस नको'.

म्हणून कोणी 'नैसर्गिक प्रतिकारशक्ती लसीपेक्षा चांगली का?' असं विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या रोगाची?

कोरोना या सगळ्यात मध्येच कुठेतरी बसतो. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दहा-बारा दिवस घेतो. तेवढ्यात स्मृतिपेशी जाग्या होऊन कामाला लागतात. कोरोनाला तेवढा वेळ लागत नाही, त्याच्या ओमिक्रॉन या नंतर आलेल्या प्रकाराला तर तीनेक दिवसच पुरतात. स्मृतिपेशी उठून कामाला लागेपर्यंत नाक वाहायला लागलेलं असतं. त्यात हा विषाणू रूप बदलत राहतो. पण फुफ्फुसापर्यंत पोचून माणूस अत्यवस्थ व्हायला आणखी दिवस जातात आणि त्या लढाईला स्मृतिपेशी वेळेवर पोचतात. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यातले आकडे हेच सांगतात. कोरोना होऊन गेल्यावर ४० आठवड्यांनी, ओमिक्रॉनच्या आधीच्या प्रकारांची पुन्हा लागण होण्यापासून सुमारे ७९ टक्के संरक्षण उरलेलं होतं. ओमिक्रॉनच्या लागणीपासून ते सुमारे ३६ टक्क्यांवर आलं. पण ओमिक्रॉनने गंभीर आजारी पडण्यापासूनचं संरक्षण तेव्हाही सुमारे ८९ टक्के होतं.

हा ८९ चा आकडा महत्त्वाचा आहे. होऊन गेलेल्या माणसाला 'तुला काहीच संरक्षण नाही' असं सांगणं चूक होतं आणि ते अनेकांना त्या काळात ऐकून घ्यावं लागलं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण अशा वागण्याने लोकांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडतो आणि तो पुन्हा कमवायला वर्षं लागतात.

पण हाच आकडा हातात घेऊन 'तर मग आजारच बरा' म्हणणंही चूक आहे. त्या ८९ टक्क्यांत बरे झालेलेच मोजलेत. जे बरे झाले नाहीत ते त्या हिशेबात येतच नाहीत. भारतात कोरोनाने गेलेल्यांचा अधिकृत आकडाच पाच लाखांच्या पुढे आहे. एखादी शाळा किती छान शिकवते हे विचारताना तिथून किती मुलं घरी परतली नाहीत हेही विचारावं लागतं.

होऊन गेलेल्या माणसाने लस घेतली तर काही भर पडते का? पडते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मे-जून २०२१ मध्ये फक्त होऊन गेलेल्यांचाच अभ्यास झाला. ज्यांनी नंतर लस घेतली नव्हती त्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता पूर्ण डोस घेतलेल्यांच्या सुमारे २.३ पट निघाली. फ्रान्सने फेब्रुवारी २०२१ मध्येच होऊन गेलेल्यांना दोनऐवजी एकच डोस पुरे असा सल्ला दिला होता. आजार हा एक डोस धरायचा आणि वर एक टोचायचा. मला तो सल्ला त्या वेळच्या माहितीला धरून आणि माणसाला मान देणारा वाटतो.

आता सक्तीकडे येऊ आणि एका माणसाचा हिशेब बोटांवर मोजू. समजा बदलापूरला राहणारा, दादरला दुकानात काम करणारा ४६ वर्षांचा माणूस. १० एप्रिल २०२१ ला त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि २५ तारखेला तो बरा झाला. १९ मे रोजी केंद्राने सांगितलं की बरं झाल्यावर तीन महिने थांबून मग लस घ्या. हा सल्ला योग्यच होता. लशी कमी होत्या आणि नुकत्याच बऱ्या झालेल्यांना घाई नव्हती. तो थांबला. २५ जुलैला पहिला डोस मिळाला. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर मे महिन्यातच वाढवून १२ ते १६ आठवडे केलेलं होतं. म्हणून दुसरा डोस लवकरात लवकर १७ ऑक्टोबरला. वर १४ दिवस. लोकलचा पास ३१ ऑक्टोबरला.

त्याच दुकानातला त्याचा जोडीदार, त्याच वयाचा, कोरोना न झालेला. त्याने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहिला डोस आणि जुलैपर्यंत दुसरा घेतला. तो १५ ऑगस्टला गाडीत चढला.

म्हणजे सरकारनेच 'तुला संरक्षण आहे, घाई करू नको' म्हणून ज्याला थांबवलं, त्यालाच सरकारने 'तुला संरक्षण नाही' म्हणून अकरा आठवडे फलाटाबाहेर ठेवलं. आणि ते दिवस कोरोनाच्या डेल्टा या प्रकाराचे होते. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमधल्या नोंदींवर आधारलेला एक अहवाल सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेनेच जानेवारी २०२२ मध्ये काढला. डेल्टा पसरल्यावर आधी कोरोना होऊन गेलेल्यांमध्ये लागणीचं प्रमाण नुसती लस घेतलेल्यांपेक्षा कमी होतं, असं त्यात दिसलं. तिथल्या लशी वेगळ्या होत्या, हे धरूनही बदलापूरच्या माणसाला बाहेर ठेवण्यामागे आरोग्याचं कारण शोधणं मला जमत नाही. बदलापूर ते दादर रस्त्याने रोज जायला किती पैसे आणि किती तास लागतात, हे त्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको.

मग सरकारांनी असं का केलं? त्यांचीही बाजू पोकळ नव्हती. पहिली अडचण पुराव्याची. आजीच्या गालावर वण होते, कोरोना असा वण ठेवत नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या देशव्यापी रक्ततपासणीत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, काहींना लशीमुळे, बहुतेकांना लागणीमुळे. त्या वेळी देशात नोंदलेले रुग्ण होते तीन कोटींच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या दोन-सव्वादोन टक्के. ज्याच्याकडे आरटीपीसीआरचा कागद आहे त्यालाच सवलत दिली असती तर ज्याने शहरात पैसे मोजून चाचणी केली तो सुटला असता आणि ज्याने खेड्यात पॅरासिटामॉल घेऊन अंगावर काढलं तो अडकला असता. 'रक्त तपासून ठरवा' म्हणावं तर किटागणिक आकडे वेगळे आणि किती प्रतिपिंडं म्हणजे पुरेशी, याची सर्वमान्य रेषाच नव्हती.

दुसरी भीती जास्त गंभीर होती. होऊन गेलेल्याला सवलत मिळते म्हटल्यावर काही लोक मुद्दाम लागण करून घेतील. हे नुसतं मनचं भय नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये चेक प्रजासत्ताकात एक लोकगायिका अशीच गेली. घरात मुलाला आणि नवऱ्याला कोरोना झालेला असताना ती वेगळी राहिली नाही. बरी झाल्याचा दाखला मिळाला की कार्यक्रमांना, नाटकांना जाता येईल, हा तिचा विचार होता, असं तिच्या मुलाने सांगितलं.

तरीही मार्ग होता आणि काहींनी तो काढला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून जे डिजिटल प्रमाणपत्र सुरू केलं त्यात तीन रांगा होत्या, लस घेतलेला, चाचणी निगेटिव्ह आलेला आणि बरा झालेला. पॉझिटिव्ह चाचणीच्या अकराव्या दिवसापासून १८० दिवसांपर्यंत बरा झाल्याचा दाखला चालायचा. सगळ्यांना न्याय मिळाला असं नाही, पण ज्याच्याकडे पुरावा होता त्याचा पुरावा मानला गेला. जर्मनीने मात्र जानेवारी २०२२ मध्ये ही मुदत एकाएकी सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली आणि लोक भडकले. काल रात्री ज्यांचा दाखला चालत होता त्यांचा आज सकाळी चालेना.

त्याच महिन्यात सगळ्या जगाने टेनिसपटू नोवाक जोकोविचचं प्रकरण पाहिलं. त्याने लस घेतलेली नव्हती. डिसेंबरमध्ये कोरोना होऊन गेला या आधारावर सवलत घेऊन तो ऑस्ट्रेलियन ओपनसाठी मेलबर्नला उतरला. स्पर्धेने आणि व्हिक्टोरिया राज्याच्या समितीने ती मानली होती. देशात शिरण्यासाठी केंद्र सरकारने मानली नाही. कोर्टाने पहिला व्हिसारद्दचा आदेश मोडला, मंत्र्याने पुन्हा व्हिसा रद्द केला आणि १६ जानेवारीला त्याला परत जावं लागलं. आपल्याकडे वाद 'लस हवी की नको' असाच रंगला. खरा पेच त्याच्या आतला होता. एकाच देशातली दोन सरकारं 'होऊन गेलाय' या एका गोष्टीला दोन वेगळे अर्थ देत होती.

आपल्याकडे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि भूषण गवई यांनी २ मे २०२२ रोजी निकाल दिला. शरीरावरचा अधिकार घटनेच्या २१ व्या कलमात येतो, कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. सरकारचं लसीकरणाचं धोरण मात्र गैर नाही. आणि लागण कमी असताना लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध प्रमाणात बसणारे नाहीत, ते मागे घ्यावेत. महाराष्ट्रात तोवर सगळे निर्बंध उठलेही होते, त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलपासून.

आज कोरोनाचा कागद कोणी मागत नाही. पण हाच प्रश्न घरात वेगळ्या वेषात येतो. मुलगी अमेरिकेला शिकायला निघाली की विद्यापीठ गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीचा पुरावा मागतं. लहानपणीचं कार्ड सापडत नाही. आई म्हणते, हिला दुसरीत असताना गोवर आला होता, मला चांगलं आठवतंय. आईची आठवण तिथे चालत नाही. चालतो तो रक्ताचा रिपोर्ट. टायटर नावाची ही तपासणी आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये होते. त्यात प्रतिपिंडं पुरेशी दिसली तर सहसा लस लागत नाही. म्हणजे तिथेही होऊन गेलेलं मानतात, फक्त पुरावा मागतात. रिपोर्ट कमी आला किंवा वेळ नसेल तर लस सरळ पुन्हा टोचून घ्यावी. आधीच संरक्षण असलेल्याला ती दिल्याने अपाय होत नाही.

आणि अंगणवाडीतला तो नेहमीचा संवाद. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या प्रत्येक मुलाला लस, आधी घेतली असो नसो, गोवर येऊन गेला असो नसो. कितीतरी आया म्हणाल्या, "अहो ताई, ह्याला मागच्याच वर्षी गोवर निघालाय, अंगभर पुरळ होतं." आशाताईंना दारोदार त्याचं उत्तर द्यावं लागलं आणि ते उत्तर अगदी साधं आहे. अंगभर पुरळ उठणारे आजार पुष्कळ असतात आणि घरी सगळ्यांनाच गोवर म्हणतात. खरोखर गोवरच असेल तर गोवराची काळजी मिटली, पण त्याच सुईत रुबेलाची लस आहे आणि रुबेला होऊन गेलाच असेल असं नाही. तो पुढे गरोदरपणात झाला तर पोटातल्या बाळाचे कान, डोळे, हृदय जाऊ शकतात. मुलगा असला तरी तो घरातल्या, शेजारच्या गरोदर बाईला तो देऊ शकतो. एवढं ऐकल्यावर बहुतेक आया बाही वर करायच्या.